ग्राफिक्स कार्डाची शक्तिमर्यादा आणि फर्मवेअरमधील फेरफार : एक विवेचन

प्रास्ताविक

महाविद्यालयीन प्रयोगशाळांमध्ये ग्राफिक्स कार्ड हे आता केवळ पडद्यावर चित्र उमटविणारे साधन राहिलेले नाही. यंत्रशिक्षणाची प्रात्यक्षिके, रेणूंच्या हालचालींची संगणकीय अनुरूपणे, उपग्रहचित्रांचे विश्लेषण अशी कामे त्यावर चालतात. साहजिकच संगणकशास्त्राबरोबरच भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगोल या विभागांतील अध्यापकांचाही या साधनाशी संबंध येऊ लागला आहे. अशा कार्डावर दीर्घकाळ चालणारे काम सोपविणाऱ्यास एक अनुभव हमखास येतो. प्रारंभी कार्ड जाहिरातीत सांगितलेल्या वेगाने चालते. काही सेकंदांतच वेग घसरतो आणि कामभर तो खालीच राहतो. कार्ड बिघडलेले नसते, तापमानही धोक्याच्या रेषेखाली असते. तरीही वेग घटतो, कारण कार्डाने आपल्या फर्मवेअरमध्ये नोंदविलेली विद्युतशक्तीची मर्यादा गाठलेली असते. यालाच शक्तिमर्यादेमुळे होणारे थ्रॉटलिंग असे म्हणतात.

ही मर्यादा म्हणजे एका लहानशा स्मृतिचिपमध्ये लिहिलेला आकडा होय. आकडा आहे म्हणजे तो बदलता येईल, हा विचार कोणाही जिज्ञासू विद्यार्थ्याच्या मनात येतोच आणि असे फेरफार करणारे हौशी तंत्रज्ञ जगभर आहेत. तो आकडा कशाचे प्रतिनिधित्व करतो, तो बदलल्याने नेमके काय घडते आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाचा, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वेग आणि शक्ती यांचा संबंध

कोणत्याही आधुनिक प्रक्रियक चिपमध्ये खर्च होणाऱ्या शक्तीचा मोठा भाग ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत जातो. ही शक्ती वारंवारितेच्या समप्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारिता वाढवावयाची तर बहुधा दाबही वाढवावा लागतो. दोन्ही १० टक्क्यांनी वाढविले असे धरल्यास शक्ती १.१ च्या घनाइतकी, म्हणजे १.३३ पट होते. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के अधिक वीज, असा हा सौदा आहे. उलट वारंवारिता तीच ठेवून दाब १० टक्क्यांनी कमी करता आला, तर उघडझापीतील शक्ती १९ टक्क्यांनी घटते. हे साधे गणित पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

२०१२ साली एनव्हिडिया कंपनीने जीटीएक्स ६८० या कार्डाबरोबर वेग आपोआप वर-खाली करण्याची पद्धत आणली. तोपर्यंत कार्डाचा कमाल वेग हा ठरलेला आकडा होता. त्यानंतर तो परिस्थितीवर अवलंबून राहू लागला. शक्ती, तापमान आणि दाब यांपैकी जी मर्यादा आधी आडवी येईल ती वेग ठरविते. ‘माझे कार्ड अमुक वेगाचे आहे’ हे विधान तेव्हापासून अर्धवटच ठरले आहे.

मर्यादा कोठे आणि कशी लिहिलेली असते

कार्ड वापरत असलेली शक्ती मोजण्याची प्रचलित रीत पदार्थविज्ञानाच्या प्रथम वर्षातील प्रयोगाइतकी सरळ आहे. वीज जेथून आत येते तेथे अत्यल्प रोधाचा एक रोधक बसविलेला असतो. हा रोध ५ मिलिओहम असेल आणि १२ व्होल्टच्या मार्गाने १५० वॅट जात असतील, तर धारा १२.५ अँपिअर आणि रोधकाच्या दोन टोकांमधील विभवांतर ६२.५ मिलिव्होल्ट. हे विभवांतर मोजणारी चिप तो आकडा ग्राफिक्स प्रक्रियकातील व्यवस्थापक भागाकडे पाठविते. तो भाग त्याची फर्मवेअरमधील कोष्टकाशी तुलना करतो आणि शक्ती अधिक आढळल्यास वारंवारिता पायरीपायरीने उतरवितो.

हे कोष्टक कार्डावरील फ्लॅश स्मृतीत असते. एनव्हिडियाच्या मॅक्सवेल पिढीतील कार्डांमध्ये हे आकडे मिलिवॅटमध्ये लिहिलेले आढळतात. २०१४ साली आलेल्या जीटीएक्स ९७० या कार्डाची घोषित शक्ती १४५ वॅट होती. १४५ वॅट म्हणजे १,४५,००० मिलिवॅट. षोडशमान पद्धतीत हा आकडा २३६६८ असा लिहिला जातो. कनिष्ठ बाइट प्रथम ठेवण्याच्या प्रथेमुळे तो फाइलमध्ये ६८ ३६ ०२ ०० असा दिसेल. षोडशमान संपादकात या चार बाइटांच्या जागी दुसरे चार लिहिले की कार्डाची मर्यादा बदलते. त्या पिढीपर्यंत हौशी मंडळींनी यासाठी तयार संपादक साधनेही लिहिली होती. त्यांत सरकपट्टी ओढली की कोष्टक बदलत असे.

मात्र फाइलमधील एकही बाइट बदलला की तिची बेरीज बिघडते. कार्डाच्या प्रारंभिक क्रमिकेचे सर्व बाइट मिळवून येणाऱ्या बेरजेला २५६ ने भागल्यास बाकी शून्य उरली पाहिजे, असा जुना संकेत आहे. तो पाळण्यासाठी एक बाइट राखून ठेवलेला असतो. फेरफार करणारा तो बाइट पुन्हा मोजून भरतो आणि बेरीज जुळते. प्रसारणात किंवा लेखनात अपघाताने झालेली चूक या बेरजेने सापडते. हेतुपुरस्सर केलेला बदल मात्र तिच्यातून सहज निसटतो. डिजिटल स्वाक्षरीचे तसे नाही. ती गुप्त किल्लीशिवाय तयार करता येत नाही आणि ती किल्ली केवळ निर्मात्याजवळ असते. २०१६ साली आलेल्या पास्कल पिढीपासून एनव्हिडियाच्या कार्डांवर स्वाक्षरी न जुळणारे फर्मवेअर चालत नाही. त्याच सुमारास एएमडीच्या पोलारिस कार्डांबाबत विंडोज चालक प्रणाली स्वाक्षरी तपासू लागली आणि पुढील व्हेगा पिढीत ही तपासणी चिपमधील सुरक्षा प्रक्रियकाकडे गेली. चार बाइट बदलण्याचा काळ येथे जवळजवळ संपला.

ऑगस्ट २०२३ मध्ये दोन स्वतंत्र हौशी प्रयत्नांतून एनव्हिडियाच्या कार्डांसाठी नवी लेखनसाधने प्रसिद्ध झाली. त्यांमुळे एका कार्डावर त्याच चिपच्या दुसऱ्या कार्डाचे फर्मवेअर चढविणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले. ही वाट मुख्यतः निर्मात्यानेच स्वाक्षरी केलेली, अधिक मर्यादेची फाइल दुसऱ्या कार्डावर नेण्याची होती. गुप्त किल्ली तिने कोणाच्या हाती दिली नाही.

आकड्यामागील तांबे

शक्तिमर्यादा हा निर्मात्याचा निव्वळ कंजूषपणा आहे, असा समज हौशी वर्तुळात आढळतो. तो तपासण्यासाठी एएमडीच्या आरएक्स ४८० या कार्डाचे उदाहरण उद्बोधक आहे. २९ जून २०१६ रोजी ते बाजारात आले. त्याची घोषित शक्ती १५० वॅट होती आणि तिचा हिशेब अगदी काठोकाठ जुळविलेला होता : मदरबोर्डवरील खाचेतून ७५ वॅट आणि सहा पिनांच्या जोडणीतून ७५ वॅट. खाचेच्या ७५ वॅटांपैकी १२ व्होल्टच्या मार्गाचा वाटा केवळ ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॅट इतकाच असतो; उरलेली शक्ती ३.३ व्होल्टच्या मार्गाची. परीक्षकांनी उपकरणे लावून मोजमाप केले तेव्हा कार्ड खाचेतून विहित मर्यादेपेक्षा अधिक धारा ओढत असल्याचे आढळले. वीजनियामकाचे निम्मे टप्पे खाचेवर आणि निम्मे जोडणीवर, अशी रचना असल्यामुळे एकूण शक्ती वाढली की खाचेवरील भारही वाढत होता.

कंपनीने जुलै २०१६ मध्ये १६.७.१ ही चालक आवृत्ती प्रसृत केली. तिने भाराचा काही भाग खाचेकडून सहा पिनांच्या जोडणीकडे वळविला आणि एकूण शक्ती कमी करणारा एक ऐच्छिक पर्यायही दिला. तांब्याची एक पट्टीही न बदलता, केवळ नियामकाच्या नोंदी बदलून हा दोष आटोक्यात आणला गेला. आज्ञावलीच्या बळाचे हे चांगले उदाहरण होय. परंतु त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी : जी नोंद बदलून भार सुरक्षित करता येतो, तीच नोंद बदलून तो असुरक्षितही करता येतो.

जोडणीच्या स्पर्शबिंदूवर निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शक्तिमर्यादा २० टक्क्यांनी वाढविली तर धारा १.२ पट, मात्र स्पर्शबिंदूवरील उष्णता १.४४ पट. आठ पिनांच्या जुन्या जोडणीत १५० वॅटसाठी तीन वाहक पिनांतून प्रत्येकी सुमारे ४.२ अँपिअर जात. २०२२ साली आरटीएक्स ४०९० बरोबर प्रचारात आलेल्या नव्या जोडणीत ६०० वॅटसाठी सहा पिनांतून प्रत्येकी सुमारे ८.३ अँपिअर जातात, म्हणजे जवळजवळ दुप्पट. त्या कार्डांच्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी त्याच वर्षी पुढे आल्या, त्या कार्डाची मूळ मर्यादा ४५० वॅट असताना. अशा ठिकाणी मर्यादा वाढविणारे फर्मवेअर चढविणे हा प्रयोग नसून अविचार होय.

आकड्यामागील बाजार

तथापि प्रत्येक आकड्यामागे तांबेच उभे असते असे मानणे हाही भोळेपणा ठरेल. ऑगस्ट २०१७ मध्ये एएमडीने व्हेगा ६४ आणि व्हेगा ५६ ही दोन कार्डे आणली. मोठ्याची घोषित शक्ती २९५ वॅट, लहानाची २१०. कंपनीच्या मूळ आराखड्यातील दोन्ही कार्डांची मांडणी बरीचशी समान होती. व्हेगा ५६ वर व्हेगा ६४ चे फर्मवेअर चढविले असता ते चालते, कारण त्यावरील स्वाक्षरी खरीच असते. त्यायोगे शक्तिमर्यादा तर वाढेच, शिवाय स्मृतीचा दाब १.२५ वरून १.३५ व्होल्ट होऊन तिचा वेगही ८०० वरून ९४५ मेगाहर्ट्झपर्यंत नेता येई. चिपमधील बंद केलेले गणनविभाग मात्र त्यामुळे जागे होत नसत. ५६ चे ६४ होत नसत. आणि ज्या व्हेगा ५६ कार्डांवर सॅमसंगऐवजी हायनिक्सच्या स्मृतिचिपा होत्या, त्यांवर हे फर्मवेअर चालत नसे. एकाच नावाच्या दोन डब्यांत दोन वेगळी कार्डे असू शकतात, हे प्रयोग करणाऱ्या अनेकांना कार्ड बंद पडल्यावरच उमगले.

त्याहूनही बोलके उदाहरण आरएक्स ५६०० एक्सटी या कार्डाचे आहे. २१ जानेवारी २०२० रोजी ते विक्रीस यावयाचे होते. तत्पूर्वी प्रतिस्पर्धी कंपनीने आरटीएक्स २०६० ची किंमत २९९ डॉलरपर्यंत उतरविली. तेव्हा एएमडीने ऐनवेळी नवे फर्मवेअर काढले. त्यात शक्तिमर्यादा वाढविलेली होती आणि स्मृतीचा वेग १२ वरून १४ गिगाबिटवर नेलेला होता. तोवर डबे कारखान्यातून निघालेले असल्यामुळे अनेक ग्राहकांना निर्मात्यांच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून आपल्या कार्डाचे फर्मवेअर स्वतःच बदलावे लागले. जे कृत्य एरवी ‘छेडछाड’ म्हणून हमी रद्द करण्यास पुरेसे असते, तेच येथे निर्मात्यांच्या संमतीने घरोघरी पार पडले. स्मृतीचा वाढीव वेग सर्वच कार्डांना पेलेल किंवा नाही, याविषयी एका कार्डनिर्मात्याने त्याच वेळी जाहीर शंका व्यक्त केली होती, हेही नमूद केले पाहिजे.

२०२१ साली आरटीएक्स ३०६० या कार्डात इथेरियम चलनाच्या खननाचा वेग मुद्दाम निम्म्यावर आणणारे बंधन घातले गेले. त्याचा तांब्याशी काही संबंध नव्हता. थोड्याच आठवड्यांत कंपनीच्याच एका चाचणी चालक आवृत्तीने ते बंधन चुकून उठविले. कोणते बंधन भौतिक आणि कोणते व्यापारी, हे वापरणाऱ्यास बाहेरून ओळखता येत नाही. खरी अडचण ही आहे.

फेरफार प्रत्यक्षात

ज्या जुन्या कार्डांवर फेरफार शक्य आहे, तेथील कार्यपद्धती लांबलचक नाही. मूळ फर्मवेअर वाचून त्याची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवणे ही पहिली आणि न टाळता येणारी पायरी. मग कोष्टकातील मर्यादा थोडी बदलणे, बेरीज सुधारणे, फाइल कार्डावर लिहिणे आणि संगणक पुन्हा सुरू करणे. लिहिताना वीज गेली किंवा फाइल चुकीची निघाली तर पडदा काळाच राहतो. काही कार्डांवर दोन फर्मवेअर आणि त्यांत निवड करणारी छोटी कळ असते. अशा वेळी कळ फिरवून सावरता येते. कळ नसल्यास दुसऱ्या ग्राफिक्स कार्डावर किंवा मदरबोर्डच्या अंतर्भूत ग्राफिक्सवर संगणक सुरू करून मूळ फाइल पुन्हा लिहिण्याचा प्रयत्न करावा लागतो. तेही न साधल्यास फ्लॅश चिपवर थेट चिमटा लावून बाह्य लेखनयंत्राने लिहावे लागते. येथे चिपचा दाब आधी पाहणे आवश्यक आहे. काही चिपा ३.३ व्होल्टवर चालतात तर काही १.८ व्होल्टवर, आणि १.८ च्या चिपला ३.३ व्होल्ट दिल्यास ती कायमची निकामी होऊ शकते.

फर्मवेअर हाती लागत नाही म्हणून काहीजण रोधकावरच दुसरा रोधक चढवितात. दोन समान रोधक समांतर आले की परिणामी रोध निम्मा होतो आणि कार्डास आपण निम्मीच शक्ती वापरतो असे वाटू लागते. संवेदकालाच खोटे बोलावयास लावण्याचा हा प्रकार आहे. पास्कल व त्यानंतरच्या कार्डांमध्ये वाचन अवास्तव कमी आले तर कार्ड संशय घेते आणि अत्यंत कमी वेगावर अडकून बसते.

आधी निदान

प्रयोगशाळेत वेग घटल्याचे दिसताच शक्तिमर्यादेवर ठपका ठेवणे योग्य नव्हे. एनव्हिडियाच्या चालकाबरोबर येणारे एनव्हिडिया-एसएमआय हे साधन वेग का घटला याचे कारणच सांगते : शक्तीची मर्यादा, तापमान, की वीजपुरवठ्याकडून आलेला अवरोधाचा संकेत. हे वाचन न करता फेरफाराकडे वळणारा तंत्रज्ञ ताप न मोजता औषध देणाऱ्या वैद्यासारखा होय.

तापमान आणि शक्ती ही कारणे परस्परांपासून सर्वस्वी वेगळीही नसतात. चिप जितकी गरम, तितकी तिच्यातून गळणारी धारा अधिक. त्यामुळे तेच काम त्याच वेगाने करण्यास गरम चिपला अधिक शक्ती लागते आणि ती शक्तिमर्यादा लवकर गाठते. विदर्भातील एखाद्या महाविद्यालयात मे महिन्यात खोलीचे तापमान चाळिशीवर असताना जो वेग मिळेल, तो जानेवारीतील वेगाच्या बरोबरीचा असणार नाही. पंख्यातील धूळ काढणे, वाळलेला उष्णतावाहक लेप बदलणे आणि खोलीतील हवा खेळती ठेवणे हे उपाय सामान्य वाटतात, परंतु फर्मवेअरला हात न लावता ते शक्तीच्या अडथळ्यावरही उपयोगी पडतात.

याहून परिणामकारक उपाय म्हणजे दाब उतरविणे. निर्माता प्रत्येक चिप चालावी म्हणून दाब काहीसा चढा ठेवतो. आपल्या हातातील चिपला तो सगळा लागतोच असे नाही. त्याच वारंवारितेला थोड्या कमी दाबावर कार्ड स्थिर राहिले, तर शक्तिमर्यादेखाली जागा मोकळी होते आणि वेग आपोआप टिकतो. बहुसंख्य कार्डांवर हे चालक आज्ञावलीतूनच साधते आणि संगणक पुन्हा सुरू करताच पूर्ववत होते. एएमडीच्या कार्डांबाबत विंडोजच्या नोंदवहीत किंवा लिनक्सच्या प्रणालीफाइलींत शक्तीचे पर्यायी कोष्टक देता येते. फ्लॅश चिप अस्पर्श राहते. प्रस्तुत लेखकाच्या मते शैक्षणिक प्रयोगशाळेसाठी हाच मार्ग प्रशस्त आहे. गणन दिवसरात्र चालावयाचे असेल तर मर्यादा वाढविण्याऐवजी थोडी कमी करणेही पुष्कळदा हिताचे ठरते, कारण वरील घनाच्या नियमाने शेवटचे काही टक्के वेग सर्वांत महाग पडतात.

येथेही अडथळा आला आहे. २०२४ च्या प्रारंभी आलेल्या लिनक्स ६.७ आवृत्तीपासून एएमडीचा चालक फर्मवेअरमध्ये लिहिलेली किमान मर्यादा काटेकोरपणे पाळू लागला. त्यामुळे कार्ड अधिक काटकसरीने चालवू पाहणाऱ्यांनाही त्या आकड्याच्या खाली उतरता येईना. मर्यादा ओलांडू नये यामागे तांब्याच्या सुरक्षेचे कारण समजू शकते. कमी वीज वापरू नये यामागील कारण समजणे कठीण आहे.

अधिकाराचा प्रश्न

भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये १९९४ आणि १९९९ च्या सुधारणांनी संगणक कार्यक्रमांविषयी काही सवलती घालण्यात आल्या. कार्यक्रमाची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास, ज्या हेतूने ती दिली गेली त्या हेतूसाठी तिचा वापर करता यावा म्हणून प्रत किंवा अनुकूलन करणे, संरक्षणार्थ प्रत ठेवणे आणि कार्यक्रमाच्या मुळाशी असलेली तत्त्वे जाणण्यासाठी त्याचे निरीक्षण करणे ही कृत्ये उल्लंघन मानली जात नाहीत. २०१२ साली समाविष्ट झालेल्या कलम ६५-क ने तांत्रिक संरक्षण भेदणे दंडनीय ठरविले, परंतु ते अधिकारभंगाच्या उद्देशाने केलेले असेल तर. स्वतःच्या कार्डाचे फर्मवेअर वाचून त्याची प्रत अभ्यासणाऱ्या अध्यापकाची बाजू या तरतुदींमुळे दुबळी नाही. हमीचा प्रश्न वेगळा. तेथे विक्रीच्या अटी लागू होतात.

मात्र स्वाक्षरीचे कुलूप कायदा विचारीत नाही. नुव्हो हा एनव्हिडिया कार्डांसाठीचा मुक्तस्रोत चालक याचा साक्षीदार आहे. मॅक्सवेलच्या दुसऱ्या तुकडीपासून, म्हणजे २०१४ च्या अखेरच्या कार्डांपासून, वेग आणि पंखे यांचे नियंत्रण स्वाक्षरित फर्मवेअरकडे गेले आणि ते आवश्यक फर्मवेअर मुक्त चालकाच्या लेखकांना उपलब्ध झाले नाही. परिणामी मेजावरील संगणकात ही कार्डे आणि त्यानंतरची पास्कल कार्डे नुव्होवर चालतात खरी, पण सुरू होतानाच्या मंद वेगावरच. २०१८ नंतरच्या ट्युरिंग व पुढील पिढ्यांपुरती ही कोंडी लिनक्स ६.७ मध्ये फुटली, कारण त्यांतील व्यवस्थापनाचे काम करणारे फर्मवेअर कंपनीने वापरास खुले केले. अलीकडची कार्डे सुटली, जुनी अडकली.

याचा सर्वाधिक फटका आपल्याकडील प्रयोगशाळांनाच बसण्याचा संभव आहे. अनुदानातून घेतलेली जीटीएक्स ९७० किंवा १०८० यांसारखी कार्डे येथे दहा-दहा वर्षे वापरात राहतात. मॅक्सवेल आणि पास्कल कार्डांना नव्या सुविधा देणे एनव्हिडियाने २०२५ मध्ये थांबविले असून केवळ सुरक्षाविषयक दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत पुरविण्याचे जाहीर केले आहे. ज्यांच्याकडे अशी कार्डे आहेत त्यांनी ५८० मालिकेतील शेवटचा अधिकृत चालक, त्याच्याशी जुळणारी लिनक्स आवृत्ती आणि प्रत्येक कार्डाच्या मूळ फर्मवेअरची फाइल यांच्या प्रती आताच काढून ठेवाव्यात आणि कार्डाच्या अनुक्रमांकासह त्यांची नोंद प्रयोगशाळेच्या साठा नोंदवहीत करावी.